साळिंदराला शाल

एक जंगल होतं. मोठं होतं, हिरवं होतं, आणि सरकारी नकाशात तर त्याहून मोठं आणि त्याहून हिरवं होतं. त्या जंगलाला राजा नव्हता. तिथे लोकशाही होती. दर खेपेला निवडणूक व्हायची, दर खेपेला गवेसाहेब निवडून यायचे आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत राजासारखे राहायचे.

जंगलात एका गुहेत कोठार होतं. हंगामात प्रत्येकाने मोहाची वाळलेली फुलं, चारोळ्या, कंद यांतला आपला वाटा गुहेत आणून टाकायचा आणि उन्हाळा अंगावर आला की लहानसहान प्राण्यांनी त्यातून खायचं, अशी पद्धत होती. कोठाराची राखण घुशींकडे होती. साठवणीच्या मालाचा त्यांच्याइतका दांडगा अनुभव दुसऱ्या कोणालाच नव्हता, हे सगळ्यांनाच मान्य होतं.

याच जंगलात रखमाजी नावाचा एक साळिंदर राहायचा. कंद उकरणं हा त्याचा घरचा धंदा, पण त्याला नक्कल फार छान साधायची. एका उन्हाळ्यात कोठाराचं दार काही उघडेना आणि घुशींची पोटं मात्र जमिनीला टेकायला लागली. तेव्हा रखमाजीने दोन वाकड्या फांद्या डोक्याला बांधल्या, तोंडात गवताचा बोकाणा भरला आणि गवेसाहेबांची नक्कल केली. शेजारच्या किस्नाबाई टिटवीने पायात मोबाईल धरून त्याचा व्हिडिओ काढला. (जंगलात मोबाईल कुठून आला, असं विचारू नका. निवडणूक कुठून आली, हे तुम्ही विचारलं नाहीत.)

व्हिडिओत केरबा वानर साहेबांचा चिटणीस झाला होता. तो धापा टाकत येऊन विचारायचा, "साहेब, कोठारातली फुलं कुठं गेली?"

साहेब चघळायचे. बराच वेळ चघळायचे. मग एक डोळा उघडून म्हणायचे, "रवंथ चालू आहे!"

"साहेब, पिल्लं उपाशी आहेत!"

"कोणाची?"

"जनतेची."

"मग रवंथ चालू आहे!"

जंगल हसून हसून लोळलं. दुसऱ्या दिवसापासून गवेसाहेब जिथे जातील तिथे पोरंटोरं गाल फुगवून चघळायला लागली. साहेबांना चारचौघांत रवंथ करायची सोय उरली नाही. बिचारे झुडपाआड जाऊन करायचे. शेवटी लाजेकाजेस्तव त्यांनी स्वतः येऊन कोठार उघडलं, फुलं वाटली आणि घुशींची बदली केली. बदली शेजारच्या जंगलातल्या कोठारावर झाली, पण झाली.

अशी 'साहेबांचा रवंथ' ही मालिका सुरू झाली. तिची एक रीत होती. नवा विनोद सुचला की तो आधी घोरपडमावशीला ऐकवायचा. मावशी आपल्या कातळावर पडलेली असायची. ती कधी हसायची नाही. विनोद चालण्यासारखा असला तर "हं" म्हणायची, नसला तर "पुढं". निम्मे विनोद "पुढं"मध्ये जायचे. रखमाजीला राग यायचा.

"मावशी, जरा हसून तरी बघा."

"हसायला जंगल आहे की. मी बघते ते खरं आहे का."

मालिका चांगली चालली. इतकी चांगली चालली की एक दिवस धनेशराव उडत आले. धनेशराव म्हणजे गवेसाहेबांचे प्रसिद्धीप्रमुख. चोच भली मोठी, आणि तीही कमी पडेल म्हणून वर आणखी एक.

"रखमाजीराव, साहेबांना तुमचा कार्यक्रम फार आवडतो."

"अहो, त्यात त्यांचीच टर उडवलेली असते."

"म्हणून तर आवडतो! साहेब दिलदार आहेत. तुमचा सत्कार ठेवलाय."

रखमाजीने मनातल्या मनात ठणकावून नकार दिला आणि आंघोळ करून सत्काराला गेला.

साहेबांनी त्याच्या पाठीवर शाल घातली. ती टर्रकन फाटली. दुसरी घातली, तीही फाटली. सभेत खसखस पिकली. धनेशराव कानाशी आले. "काटे जरा मिटवा ना. सत्कारापुरतेच."

रखमाजीला वाटलं, शालीचा तर प्रश्न आहे. त्याने काटे अंगालगत मिटवले. शाल नीट बसली. मऊ होती, उबदार होती. मग साहेबांनी त्याची पाठ थोपटली. आता साळिंदराची पाठ कोण थोपटणार? जन्मल्यापासून कोणी थोपटली नव्हती, त्याच्या आईनेसुद्धा नाही. रखमाजीचे डोळे भरून आले.

साहेब माइकपाशी गेले. "बंधूंनो आणि भगिनींनो! शिंगवाल्यांनो आणि बिनशिंगवाल्यांनो! काही जण मला विचारतात, नदीचं पाणी कुठं गेलं?" साहेब थांबले. गाल फुगवून चघळू लागले. एक डोळा उघडला. "रवंथ चालू आहे!"

सभा वेडी झाली. टाळ्या, शिट्ट्या, शेपट्यांची आपटाआपट. सगळ्यात मोठ्याने रखमाजी हसला. आपलं वाक्य एवढ्या मोठ्या तोंडातून ऐकायला मिळालं, याचा त्याला कोण आनंद झाला!

त्या दिवसापासून साहेबांची चिंता मिटली. झाडं का तुटली? रवंथ चालू आहे. पाणवठ्याला कुंपण कोणी घातलं? रवंथ चालू आहे. विचारायला आलेले प्राणी पोट धरून हसायचे आणि कशासाठी आलो होतो ते विसरून घरी जायचे. पुढच्या निवडणुकीत झाडाझाडावर फलक लागले: 'रवंथ काल, रवंथ आज, रवंथ उद्या!' साहेब पूर्वीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. त्यांनी साळिंदराचे जाहीर आभार मानले आणि घुशींना बदलीवरून परत आणलं.

इकडे मालिका चालूच होती. रखमाजी आता शाल पांघरूनच लिहायचा. त्यात फाटण्याची भीती, म्हणून काटे मिटलेलेच. घोरपडमावशी एकामागून एक "पुढं, पुढं" म्हणत राहिली. शेवटी एकदा तीच म्हणाली, "रखमाजी, आता पुढं काही उरलंच नाही रे."

"मावशींचं वय झालं," परत येताना केरबा म्हणाला. "आजची पिढी काय बघते हे त्यांना कुठं कळतंय?" रखमाजीला ते पटलं. स्वतःच्या सोयीचं असलं की त्याला पटकन पटायचं. त्यांनी मावशीकडे जाणं बंद केलं.

मावशीच्या जागी समिती आली. समितीचं म्हणणं, फांद्यांच्या शिंगांनी शिंगवाल्यांच्या भावना दुखावतात. शिंगं काढली. धावणाऱ्या चिटणिसामुळे वानरांच्या भावना दुखावतात. केरबा बसून राहू लागला. घुशींचं शिष्टमंडळ आलं: "आमच्या समाजाला नेहमी चोर दाखवतात." पुढच्या भागात एका घुशीने आगीतून पिल्लू वाचवलं. आग कोणी लावली, हे समितीने कापलं.

मग राहिलं काय? "रवंथ चालू आहे" राहिलं, आणि रखमाजीचं चिखलात घसरून पडणं राहिलं. आधी तो भागात एकदा घसरायचा. मग दोनदा. मग 'महाघसरण विशेष' आला, त्यात तो सुरुवातीलाच घसरला आणि शेवटी थांबला. लोकांना कुठे हसायचं ते कळेनासं झालं, म्हणून भाड्याने तरस आणून मागे बसवले. तरसांना हसायला कारण लागत नाही, जेवण लागतं. ते जेवण कोठारातून यायचं. साहेबांची तशी परवानगी होती.

एक दिवस किस्नाबाई चाचरत म्हणाल्या, "रखमाजी, सांगू का? काल शूटिंग चालू असताना मला झोप लागली."

टिटवीला कामाच्या वेळी झोप लागणं, ही जंगलात पूर्वी कधी न घडलेली गोष्ट होती.

"तुम्ही दमलाय," रखमाजी मायेने म्हणाला. "थोडी विश्रांती घ्या."

उन्हाळा आला. एका सकाळी सोनूबाई ससीण रखमाजीच्या बिळाशी येऊन उभी राहिली. तिची पिल्लं तिच्या मागे उभी होती, आणि ती मस्ती करत नव्हती. सशाची पिल्लं मस्ती करत नसली की समजावं, काहीतरी बिघडलंय.

"दादा, कोठार बंद आहे. घुशी म्हणतात, रवंथ चालू आहे. आणि आजूबाजूचे सगळे हसतात. मलाही हसू येतं हो, सवयीनं. पण पोरांना काय घालू?"

"मी काय करणार, सोनूबाई? मी आपला विनोदी माणूस... म्हणजे प्राणी."

"मागं तुमच्या व्हिडिओनंच दार उघडलं होतं. तसा एक करा ना. पोरं ह्या पंधरवड्याच्या पुढं निघायची नाहीत."

रखमाजीने पिल्लांकडे पाहिलं. मग शाल काढून ठेवली. काटे उभे करायला गेला, तर उठेनात. अंग झाडलं, ताठलं, तेव्हा कुठे दोनचार उभे राहिले, तेही कडकड वाजत. तो बसला आणि खूप दिवसांनी त्याने मनासारखं लिहिलं. त्यात घसरणं नव्हतं आणि ते वाक्यही नव्हतं. कोठार होतं, घुशी होत्या, कोठारातलं खाऊन हसणारे तरस होते, आणि त्यांच्या तालावर घसरणारा एक साळिंदर होता. ते घेऊन तो लाजत लाजत कातळाकडे गेला.

मावशीने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"हं," ती म्हणाली.

रखमाजी नाचायचाच बाकी राहिला.

समितीला न विचारता, तरसांना न बोलावता भाग काढला आणि तो सगळ्या जंगलात पसरला. खाली शेरे यायला लागले. 'आज घसरला का नाही?' 'साहेबांचा डायलॉग कुठं गेला? फसवणूक आहे ही.' 'भाग उगाच राजकीय केलाय, आम्ही करमणुकीसाठी बघतो.' एका मुंगसाने लिहिलं, 'पहिल्यासारखी मजा राहिली नाही. मी पहिले भाग पाहिलेले नाहीत, पण राहिली नाही.'

दार काही उघडलं नाही. तेव्हा रखमाजी सोनूबाईला म्हणाला, "चला. आपणच जाऊ."

कोठारापुढे उभा राहून तो ओरडला, "दार उघडा! आत जनतेचं अन्न आहे!"

घुशी उठून बसल्या. वाटेने जाणारे प्राणी थांबले. "अरे, रखमाजी! शूटिंग दिसतंय!" म्हणता म्हणता गर्दी झाली. मोबाईल वर झाले.

"शूटिंग नाही! पोरं उपाशी आहेत!"

"काय काम करतो लेकाचा!" एक रानडुक्कर डोळे पुसत म्हणालं. "रखमाजी, एकदा घसरून दाखव ना!"

रखमाजी चिडला. त्याने पाठ वळवली आणि उरलेसुरले काटे ताठ करून तो मागे मागे पळत दारावर आदळला. दार उघडलं.

आत काही नव्हतं. फूल नाही, चारोळी नाही. कोपऱ्यात तेवढी एक घूस झोपली होती.

गर्दीने माना आत घालून पाहिलं. मग असा हशा पिकला की झाडांवरची पाखरं उडाली. "सेट बघ, सेट! अगदी खऱ्या कोठारासारखा!" "आणि ती झोपलेली घूस! वा!"

सोनूबाईने रखमाजीचा पाय धरला. "दादा, सांगा ना त्यांना, हे खरं आहे म्हणून."

"हे खरं आहे!" रखमाजी जीव तोडून ओरडला. "अहो, हे खरं आहे!"

"हे खरं आहे!" गर्दी त्याच्याच आवाजात ओरडली आणि पुन्हा हसत सुटली. माकडांना तर झाडावर बसवेना.

गवेसाहेब आले तेव्हा त्यांना कळेना, रागवावं की घाबरावं. धनेशराव त्यांच्या कानाला लागले. साहेबांचा चेहरा उजळला. ते रखमाजीशेजारी उभे राहिले, फोटोसाठी थोडे वाकले आणि गर्दीला म्हणाले, "आमच्यावर टीका करणाऱ्या कलावंतांनाही आम्ही कोठार उपलब्ध करून दिलंय! या जंगलात कोणी उपाशी नाही. हे खरं आहे!"

त्यांना त्या वाक्यावर पूर्वीच्या वाक्याहून मोठ्या टाळ्या पडल्या.

गर्दी पांगली. रखमाजी तिथून थेट माळावर गेला आणि कंद उकरायला लागला. इतकी वर्षं चिखलात नुसतं घसरून त्याची नखं मऊ पडली होती. पहिल्या कंदापर्यंत पोचायलाच दुपार झाली. तो त्याने पिल्लांना दिला. पिल्लं खात असताना तो दुसरा उकरायला लागला. सोनूबाईही माती ओढायला बसली. जाणारा-येणारा थोडा थांबायचा, व्हिडिओ काढायचा, आणि "ह्याची नवी मालिका जरा संथ आहे," असं म्हणून पुढे जायचा.

त्या उन्हाळ्यात जंगलातली किती पिल्लं उपाशी झोपली, हे तिथे कोणालाच सांगता येत नाही. कोठार फोडल्याचा तो भाग किती जणांनी पाहिला, हे मात्र शेंबडं पिल्लूसुद्धा सांगतं.