टिकलीचं रिकामं घर

खाडीतले जीव एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. टिकली नावाची एक शंखातली खेकडी होती. ती इतकी भित्री, की बुडबुडा फुटला तरी शंखात दडून बसे.

एका सकाळी दाट धुक्यात ती बसलेली फळी ओहोटीनं समुद्रात ओढून नेली. सोबत कुर्लीमावशी होती. टिकलीनं अंग बाहेर काढलं, तोच जवळच कुणीतरी कण्हलं, "हूऽऽ!"

"समंध गं बाई!" दातेरी मुशी माशाला चिमटा काढल्याच्या बढाया मारणारी मावशी फळीखाली लपली.

टिकली आत शिरली. कण्हणं थांबलं. बाहेर आली, पुन्हा सुरू! तेव्हा तिला कळलं, वारा तिच्याच शंखात कण्हत होता.

इतक्यात तिला शोधणाऱ्या कासवआजोबांची हाक ऐकू आली, पण हाक दूर दूर चालली होती. टिकलीचा इवलासा आवाज पोचेना. रिकामा शंख मोठ्यानं ओरडला असता. पण शंखाबाहेरची खेकडी म्हणजे कुणाचाही घास. तरी ती पूर्ण बाहेर आली. शंखानं असा हंबरडा फोडला, की मावशीनं फळीखालूनच देवाचं नाव घेतलं.

कासवआजोबा आले, तेही कापतच. "कोण गं रडतंय एवढं?"

"माझं घर," उघडी टिकली म्हणाली. "मावशी, वर ये. भूत माझंच आहे."