दोन व्याही, दोन पाती आणि जाळीतलं डुक्कर

टेकवाडीत एक सोडून दोन शिकारी होते, आणि दोघं एकमेकांचे व्याही होते. सुभानजींची लेक हैबतरावांच्या घरी दिलेली. त्यामुळे दोघांना मोकळेपणी भांडायची चोरी. भांडण व्हायचं, पण 'अहो-जाहो' करत व्हायचं. आणि असलं भांडण कधी संपत नाही.

त्या साली एका रानडुकरानं गावची रताळी उकरायचा सपाटा लावला होता. एका सकाळी गावकऱ्यांनी डबे बडवत त्याला डोंगराकडं हाकललं. डुक्कर घाबरून करवंदीच्या जाळीत घुसलं. तीन बाजूंना उभा कडा, आणि बाहेर पडायला तोंड एकच. त्या तोंडाशी दोघं व्याही धनुष्यबाण घेऊन बसले.

"बाहेर आलं की हाणा," एवढं सांगून गावकरी निर्धास्त मनानं मसाला वाटायला घरी गेले.

जाळीत डुक्कर हिशेब मांडत बसलं. बाहेर पडलं तर लगेच मरण, आत बसलं तर जरा उशिरा.

तेवढ्यात सुभानजींनी भात्यातून एक बाण काढला आणि त्याचं पातं उन्हात फिरवलं.

"व्याही, हे बघा. दुधारी. अख्ख्या पोलादातून घडवलेलं, कुठं सांधा नाही. हाडावर बसलं तरी वाकायचं नाही."

हैबतरावांनी ते नीट निरखलं. "छान आहे. घरी सुपारी कातरायला बरं." मग त्यांनी आपला बाण पुढं केला. "हे तिधारी. तीन बाजूंनी फाडतं. जनावर जागचं हलत नाही."

"जनावरापर्यंत पोचलं तर फाडेल ना, व्याही?"

"पोचतं हो. सोडणारा नेमबाज असला की पोचतं."

डुकरानं कान टवकारले. इतका वेळ त्याला वाटत होतं, बाहेर आपल्याविषयीच खल चाललाय. पण आपलं तर नावही कोणी काढत नाही, हे ध्यानात आलं तसा त्याच्या जिवात जीव आला. त्यानं घसा साफ केला आणि आतूनच म्हणालं, "तिधारीला वारा फार लागतो म्हणतात."

"ऐका!" सुभानजी म्हणाले.

"पण दुधारीची जखम लगेच मिटते, असंही म्हणतात."

"ऐका, ऐका!" हैबतराव म्हणाले.

कोण बोललं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. आपल्या बाजूनं बोलणाऱ्याला नाव-गाव कोण विचारतं?

"मग खोल कुठलं जातं ते तरी बघा की," जाळीतून आवाज आला. "समोर साग उभाच आहे."

सुभानजींनी बाण सोडला. तो सागात चार बोटं रुतला. हैबतरावांचा तीनच बोटं रुतला.

"मधेच वारा आला," हैबतराव म्हणाले.

"एका बाणावरून काय ठरतं?" डुक्कर म्हणालं.

मग दुसरा झाला, तिसरा झाला. बघता बघता सागाचा साळिंदर झाला. बाण उपटायला गेले, तर काठी हातात यायची आणि पातं झाडातच राहायचं. ज्याचं पातं निघेना तोच जास्त खूश. "बघा, कसं बसलंय! सात पिढ्या निघायचं नाही!"

शेवटी एकेकच बाण उरला, तेव्हा सुभानजी जरा भानावर आले.

"व्याही, पुरे आता. डुकराकडं बघू."

"बघू," हैबतराव म्हणाले. दोघांनी बाण धनुष्याला लावले आणि नेम धरून जाळीच्या तोंडाशी उभे राहिले.

डुकराच्या अंगावरचा केस न् केस ताठ झाला. आता गप्प राहिलं तर मेलंच म्हणायचं.

"मारा की," ते शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हणालं. "पण धारेचं राहून गेलं. खरी धार मिशीवर कळते. अर्थात, धारेची खात्री नसेल तर जाऊ द्या."

दोन्ही धनुष्यं खाली आली.

"माझ्या पात्याला मिशी म्हणजे लोणी," हैबतराव म्हणाले.

"मग करा की सुरू," सुभानजी म्हणाले.

"स्वतःची स्वतःला कशी दिसणार? तुमची करतो."

"बेलाशक करा. मी तुमची करतो."

धनुष्यं गवतावर ठेवून दोघं व्याही गुडघ्याला गुडघा लावून बसले. याचं पातं त्याच्या ओठावर, त्याचं याच्या. तिधारीची तिसरी धार सुभानजींच्या नाकाकडं बघत होती. भुरुभुरु केस पडू लागले.

अर्धी मिशी झाली आणि डुक्कर जाळीतून बाहेर आलं. पळत नाही, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं सावकाश.

"व्याही, डुक्कर," हैबतराव ओठ न हलवता म्हणाले.

"दिसलं. आधी तुमचं पातं काढा."

"तुमचं आधी."

"असं कसं? तुमचा मान मोठा."

"छे छे, मुलीकडच्यांनी आधी."

डुक्कर दोघांजवळ थांबलं. त्यानं दोन्ही पाती अगदी नाकाजवळून पाहिली, हुंगली, आणि म्हणालं, "दोन्ही उत्तम आहेत." मग ते पलीकडच्या उतारावर दिसेनासं झालं.

डुक्कर गेलं तरी पाती काही हटेनात. आधी काढलं तर आपली धार कच्ची ठरेल, म्हणून दोघांनी उरलेली मिशीही पुरी करून घेतली.

दुपारी गावकरी टोपल्या घेऊन आले. पाहतात तो दोघांचे ओठ तळहातासारखे साफ. घरात कोणी वारल्याशिवाय बाप्या माणूस मिशी काढायचा नाही, अशी गावाची रीत. म्हाताऱ्या ठकूबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! दोन्ही घरांत एकदमच? कोण वारलं हो?"

सुभानजींनी मान खाली घातली.

"कोणी नाही वारलं, ठकूबाई. तीच तर पंचाईत झालीय."

तात्पर्य, मिशी असलेल्यांसाठी आणि नसलेल्यांसाठीही: कोणाचं हत्यार चांगलं, हे काम उरकल्यावर ठरवावं, आणि आपल्या वादाला कोणी पाठीमागून हवा देत असेल, तर त्यात त्याचा काय फायदा आहे, ते आधी वळून पाहावं.