थांबधोंडीवरचा सूर्य

समोरचा डोंगर नीट बघा, नुसते फोटो काढू नका. पाडव्याच्या सुमाराला सूर्य त्याच्या मधल्या खिंडीतून उगवतो. बाया वडाला दोरा गुंडाळतात त्या दिवसांत डावीकडच्या टोकावरून. पितरांच्या पंधरवड्यात पुन्हा खिंडीत. आणि संक्रांतीच्या आधी, हिवाच्या दिवसांत, उजवीकडच्या त्या काळ्या धोंडीवर. तिच्यापुढे तो कधी गेलेला नाही. ती थांबधोंड.

पंचांग गावात यायच्या आधीची गोष्ट सांगतात. म्हातारा गुरव या कड्यावरून सूर्य बघायचा आणि सूर्य धोंडीवरून माघारी वळला की गावात हाळी द्यायचा. त्यावरून संक्रांत, त्यावरून पुढचे सण. बघताना म्हातारा कुणाला जवळ फिरकू देत नसे. एका पावसाळ्यात तो गेला आणि काम त्याच्या लेकावर, राणोजीवर, आलं.

त्या साली हिवानं हरभरा करपला. सूर्य रोज उजवीकडेच सरकत चाललेला. लोक म्हणू लागले, धोंड ओलांडून हा कायमचाच जातो आता. तो धोंडीवर आला त्या सकाळी बहिर्जी पाटलानं राणोजीला चावडीवर गाठलं.

"तुझ्या बापाला कळायचं. तुला घंटा बडवण्यापलीकडं काय येतंय रं?"

राणोजी तापट. बोलून गेला, "उद्या सूर्य मागं फिरला नाही, तर कड्यावरनं उडी घेईन. देवीची आण!"

गाढवपणा. पण आण ती आण.

दुसऱ्या सकाळी अख्खं गाव कड्यावर. सूर्य उगवला तो तिथंच, धोंडीच्या माथ्यावर. केसभर इकडं नाही की तिकडं नाही. राणोजीनं पागोटं उतरवलं आणि बायकोच्या, ठकूच्या, हातात दिलं.

ठकूला तरी सूर्याचं काय ठाऊक? जन्म गेला बैलांमागं. पण त्या उभ्या सूर्याकडं बघताना तिला नांगराच्या तासाच्या टोकाला आलेला बैल आठवला. ती पुढं झाली आणि नवऱ्याच्या पायांपुढं, ऐन काठावर, बसली.

"पाटील, तासाच्या टोकाला तुमचा बैल उडी मारून वळतो काय?"

"म्हंजे?"

"उभा ऱ्हातो. दम खातो. मग वळतो. ह्योबी दम खातोय. वळेस्तोवर मी हितनं हलायची नाही. धनी, उडी घ्यायची तर मला घेऊन घ्या."

"आन् न्हाईच वळला तर?" पाटलानं विचारलं.

ठकूनं हात मागं नेऊन नवऱ्याचा घोटा मुठीत धरला.

पुढच्या सकाळीही सूर्य तिथंच. मग धुकं उतरलं, डोंगरच दिसेना. लोक शेकोट्या करून बसले. ही दोघं मात्र तशीच, अन्नपाण्यावाचून. ठकूच्या मुठीतला घोटा काही सुटला नाही.

धुकं विरलं त्या सकाळी सूर्य वर आला तो धोंडीच्या डाव्या अंगाला. बोटभर. पाटील मुकाट्यानं खाली गेला आणि त्यानं मोटेला जुंपलेले आपले बैल सोडून दिले.

आजही ते दिवस आले की या गावात बैलाच्या मानेवर जू चढत नाही. ट्रॅक्टरसुद्धा उभे असतात. संक्रांत कॅलेंडर बघूनच होते, त्यात वाद नाही. पण सूर्य नेमका कुठल्या दिवशी वळणार, ते इथं कुणालाही विचारा. "वळला की सांगू," एवढंच ऐकायला मिळेल. आणि तो वळला की हाळी देते, ठकूपासून, गुरवाची सून. गुरव नाही.