राजानं खरवडलेलं शेवाळ

फार मागं काय झालं, डोंगरापाशी एका राजाचं गाव होतं. डोंगरावर ओलंगार रान होतं आणि रानात झरा. सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं. झऱ्याजवळ चिमाई नावाची म्हातारी राहायची. पाण्यावर कोण येतं, कोण जातं, ते ती दिवसभर बघत बसायची.

एकदा राजा रानात आला आणि शेवाळावरून घसरून सपशेल आडवा झाला. शिपाई गालात हसले. राजाला आला राग. म्हणाला, "सगळं शेवाळ खरवडून काढा."

मग पहिल्या दिवशी दगड खरवडले. बेडूक निघून गेले. दुसऱ्या दिवशी झाडांची खोडं खरवडली. पाखरं उडाली. तिसऱ्या दिवशी झऱ्याचे काठ खरवडले. तेव्हा पाणमांजरी पिल्लं तोंडात धरून गेली, ती कुठं गेली कुणास ठाऊक.

त्या वर्षी पाऊस पडला, पण बोडक्या दगडांवरून सरळ वाहून गेला. थंडी सरायच्या आत झरा आटला. राजाची धाकटी लेकसुद्धा पाणी पाणी करू लागली.

मग राजा चिमाईकडं गेला. "आजी, पाणी कुठं गेलं?"

"इथं पालथं पडा, महाराज."

राजानं मुकुट काढून ठेवला आणि पालथा पडला, बरं का. दगडाच्या फटीत तळहाताएवढं शेवाळ उरलं होतं. त्यानं नाक टेकवून पाहिलं, तर ते रानच होतं. मोहरीएवढी झाडं, टोकाटोकाला पाण्याचे मणी. तिळाएवढी गोगलगाय त्यातून वाट काढत होती. नखाएवढा बेडूक बसला होता, त्याचा गळा लकलक हलत होता. राजानं ते हळूच बोटानं दाबलं. गारेगार पाणी बोटावर आलं.

राजा कितीतरी वेळ उठलाच नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "हे मी खरवडलं? आजच हुकूम काढतो, पुन्हा उगवा म्हणून."

"हुकमानं नाही उगवत ते," चिमाई म्हणाली. "वाट बघावी लागते."

मग राजानं वाट पाहिली. गावासाठी लांबच्या नदीवरून पाणी आणवलं. त्यातली एक कळशी रोज स्वतः डोंगरावर नेऊन त्या फटीवर शिंपडली. पहिल्या वर्षी शेवाळ सुपाएवढं झालं. दुसऱ्या वर्षी दगड हिरवे झाले. तिसऱ्या वर्षी झाडांनी हिरवी लोकर पांघरली. आणि एका सकाळी टप, टप, टप... झरा बोलू लागला. राजानं लेकीला ओंजळीनं पाणी पाजलं. मग दोघं बापलेक पालथी पडून शेवाळ बघत राहिली, जेवायच्या वेळेपर्यंत.

गावाला पाणी मिळालं, सगळी सुखानं नांदली. चला, पाय पांघरुणात घ्या. झरा झिरपतोय तिकडं, तुम्ही निजा आता.