गवत उठतं, काठ खचतो

एकदा एक मुलगी एका वृद्ध निरोप्याकडे धावायला शिकत होती.

ते राहत त्या पठारावर दोन गावं होती आणि मध्ये एक खोल ओढा. पाऊस सरला तरी ओढ्याचं पाणी पुष्कळ दिवस ओसरत नसे. म्हणून इकडची सुखदुःखं तिकडे पोचवायला निरोप्या असे. घुंगरांची काठी घेऊन, वरच्या अंगाच्या उथळ पाण्याकडून मोठा वळसा घालून तो ओढा ओलांडी. घुंगरं वाजली की बायका चुलीपुढून उठून दारात येत.

मुलीची थोरली बहीण पलीकडच्या गावात दिली होती. तिचे निरोप म्हाताराच आणी. "ताईनं सांगितलंय, दुधीचा वेल छपरावर चढला." एकदा तो म्हणाला, "ताई काही बोलली नाही. नुसती हसली." ते हसणं कसं असेल, याचा विचार करत मुलगी कितीतरी वेळ जागी राहिली होती.

आता म्हाताऱ्याचे गुडघे थकले होते. दसऱ्याच्या दुपारी निघून, पलीकडची आपट्याची पानं घेऊन जो दिवेलागणीच्या आत परतेल, त्याच्या हाती काठी जाणार होती. म्हाताऱ्यानं तरुणपणी ती अशीच मिळवली होती.

"काठी तुझ्यापेक्षा उंच आहे," काका म्हणाला. तो जुना पहिलवान. पण पुतणी हट्टाला पेटली म्हटल्यावर त्यानंच सल्ला दिला, "रोज छाती फुटेस्तोवर पळ. घाम गळाला नाही तर सराव कसला?"

आई म्हणाली, "त्याचं ऐकू नकोस. सावकाश जा, पण लांब जा. पाय चालून चालूनच शहाणे होतात."

मुलीनं काकाचं ऐकलं. पोटऱ्या अशा भरून आल्या की तिला उंबरा ओलांडवेना. मग तिनं आईचं ऐकलं. दम वाढला, पण चढ लागला की पाय आपले त्याच चालीनं चालत, तिचं म्हणणं ऐकतच नसत. दसरा तर जवळ येत होता. शेवटी तिनं म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, लांब पळू की जोरात पळू?"

म्हाताऱ्यानं तिला गावाबाहेरच्या कुरणाच्या कडेला नेलं. कमरेएवढं गवत उभं होतं, त्यात सोनकीची पिवळी फुलं, आणि वर धुकं इतकं खाली उतरलेलं की कुरण कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळू नये.

"यातून ओढ्यापर्यंत एक वाट पाड. मग सांगतो."

"वाट आहे की वळशाची."

"ती म्हाताऱ्यांची आहे," तो म्हणाला आणि दगडावर बसून तंबाखू मळू लागला.

मुलगी सगळ्या ताकदीनिशी गवतात घुसली. ओढ्यापर्यंत जाऊन परतली तेव्हा मागं आडव्या गवताचा पट्टा पडला होता. ती खूश होऊन घरी गेली. सकाळी येऊन पाहते तो गवत दवानं भिजून ताठ उभं होतं.

"कुणी आलं होतं का इथं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "वारा असेल."

मुलगी ओशाळली. त्या दिवसापासून ती सावकाश जाऊ लागली. जायची, यायची, पुन्हा जायची. गवत आधी रुसलं, मग वाकलं, मग एके सकाळी उठायचंच विसरलं. एका ठिकाणी लाव्याचं घरटं लागलं, तिथं तिनं वाटेला बाक दिला. धुक्यातून चालताना तिला कधी वाटे की आपण चालतच नाही, कुरणच आपल्याखालून हळूहळू मागं सरकतं आहे. ओढ्याच्या काठाशी पोचली की ती परत फिरे. होता होता पायाखाली घट्ट, तपकिरी माती आली.

"आबा, वाट झाली."

म्हातारा काठापर्यंत चालत आला. "छान झाली. ताई कुठं आहे?"

"पलीकडे."

"मग?"

मुलीनं पाण्याकडे पाहिलं. इथं ओढा अरुंद होता, पण खोल. तुडवून त्यात वाट होणार नव्हती.

"उडी मार," म्हातारा म्हणाला. "आधी इथून नको. त्या बाजूच्या गवतातून."

ती गवतातून धावत आली. ओल्या पात्यांवरून पाय निसटला आणि ती पाण्यात पडली. म्हाताऱ्यानं काठी पुढं केली. तिला वर ओढताना तो हसत होता. "आता आपल्या वाटेनं ये."

यावेळी मातीनं पावलाला साथ दिली. वाटेच्या टोकाशी पाय टेकला, आणि क्षणभर खाली फक्त पाणी होतं, वर फक्त धुकं. मग ती पलीकडे उभी होती.

पलीकडच्या काठाला उघडा कातळ होता; त्यावरून उडी घेऊन ती परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. पुन्हा निघाली तेव्हा म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली. "पुरे. काठाकडे बघ."

काठाची माती जिथून ती उडी घेत होती तिथं भेगाळली होती. एक ढेकूळ सुटून पाण्यात विरघळत होतं.

"एकदाच जोरात धावून गेलीस, तर गवत उठून उभं राहतं," म्हातारा म्हणाला. "नुसतंच तुडवत राहिलीस, तर काठापर्यंत पोचतेस आणि परत फिरतेस. उडी लागतेच, पण तिला मागं तुडवलेली जमीन हवी. आणि रोज उडी मारलीस तर काठ खचतो, मग वाट असूनही काही उपयोग नाही. शरीरात गवतही आहे आणि काठही आहे. म्हणून पुष्कळ दिवस वाटेचे, एखादाच उडीचा. माझीही वाट इथंच होती, पोरी. मी उडी सोडली, मग चालणंही सोडलं, आणि गवतानं ती परत घेतली."

दुसऱ्या दिवशी मुलगी ओढ्यापर्यंत सावकाश गेली आणि उडी न मारता परत आली. तिला ते जड गेलं नाही.

दसऱ्याला ती परतली तेव्हा संधिप्रकाश इतका अंधुक झाला होता की वाट डोळ्यांना दिसत नव्हती, पायांना दिसत होती. घरट्यापाशी ती आपोआप वळली. वेशीवर म्हातारा उभा होता. गावात अजून एकही दिवा लागला नव्हता.

तिनं मुठीतली आपट्याची पानं त्याच्या हातावर ठेवली.

"काय निरोप?" त्यानं विचारलं.

"ताई काही बोलली नाही," मुलगी म्हणाली. "नुसती हसली."

म्हाताऱ्यानं काठी तिच्या हाती दिली. काठी खरोखरच तिच्यापेक्षा उंच होती.

लांब की जोरात, असा प्रश्न ज्याला पडतो, त्यानं आज आपलं गवत उठलं आहे की काठ खचला आहे, एवढं आधी पाहावं.