घराला पाय फुटले तेव्हा

शाळा लवकर सुटली माझी. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, शब्दही साधेच आहेत.

फार फार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या गावात सावडीची चाल होती. आज सगळ्यांनी मिळून तुझं घर शाकारायचं, उद्या तू त्यांच्याकडे राबायचं.

गावाबाहेर, अगदी काठावर, एक उपरा माणूस बायको-लेकरासह झोपडीत राहायचा. एका पावसाळ्यात नदी काठ खाऊ लागली. संध्याकाळपर्यंत झोपडी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

पारावर बोलणं चाललं होतं.

"तो आलाय का कधी कुणाचं घर शाकारायला?"

"त्याला बोलावलंय का कुणी?"

"सावडीत नाही, त्याला बोलवायचं कसं?"

एक म्हातारी हे ऐकत होती. ती उठली आणि थेट काठावर गेली. "लेका, माझा गोठा गळतोय. शाकारायला येतोस?"

बायको कळवळली, "अहो, आत्ता? इथं आपलं घर चाललंय!"

त्याने नदीकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. "पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलंय गं," म्हणाला, आणि गेला.

त्याने गोठ्यावर गवत चढवलं, घट्ट बांधलं. शेवटची गाठ बसताच म्हातारी पारावर उभी राहिली.

"ऐका रे! ह्याची सावड आता माझ्यावर आहे. माझ्या हातात जोर उरला नाही. पण जन्मभर मी तुमच्या शेतांत राबले, तुमच्या बायकांची बाळंतपणं केली. माझी ती सावड ह्याच्याकडे फेडा."

एकजण उठला. मग सगळेच उठले.

काठावरच्या झोपडीच्या छपराखाली बांबू घातले, बांबूंना खांदे लागले. "उचला!" आणि अख्खं छप्पर भिंतींवरून अलगद सुटलं. गवताखाली नुसते पाय दिसत होते, कितीतरी पाय, एका चालीने चढ चढणारे. म्हाताऱ्यांनी नकळत हात जोडले. पोरगं ओरडत सुटलं, "आई, आपलं घर चालतंय!"

मागे भिंती नदीत कोसळल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही.

छप्पर गावाच्या मध्यावर, म्हातारीच्या गोठ्याशेजारी टेकलं. खाली नव्या भिंती उभ्या राहिल्या. त्यानंतर गावात कुणाचंही घर शाकारायचं झालं, की पहिली हाक त्या माणसाला जायची.

तात्पर्य: नुसती मदत दिल्याने माणूस उपकाराखाली राहतो, त्याची मदत घेतली, की तो आपला होतो.

एवढं लिहून मी थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडाचं दार वाजवलं आणि चाचरत म्हणालो, "दादा, कपाट माळ्यावर चढवायचंय. जरा हात लावता का?"