पहिल्या मानाचा बोल्ट

गाड्या हँडल मारून सुरू व्हायच्या, त्या काळची ही गोष्ट. एका इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या जड झाकणाला, दहा बोल्ट होते. हेडखाली एक पातळ गॅस्केट होतं. पाणी, तेल आणि आग यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं काम ते मुकाट्याने करायचं.

कोपऱ्यातल्या बोल्टाला मानपानाचं भारी वेड. इंजिन जोडायला पाना आला, तसा तो गरजला, "आधी मला आवळा, आणि पुरता आवळा! नऊ जणांच्या मागून बसायला मी काय आगंतुक आहे?"

गॅस्केट म्हणालं, "दादा, सुरुवात मधल्यांपासून करतात. सगळ्यांना थोडं थोडं, तीन फेऱ्यांत."

"तुला कुणी विचारलं, चपट्या?"

पान्याला कटकट नको होती. त्याने कोपऱ्यातल्याला एकाच दमात गच्च आवळलं. रुसलेल्या जावयाला अंगठी मिळावी, तसा बोल्ट फुलला. हेड मात्र त्या बाजूला दबलं आणि मधे किंचित उचललं गेलं.

पहिल्याच घाटात गॅस्केट मधोमध जळालं, पाणी तेलात शिरलं आणि इंजिन वाफा ओकत बंद पडलं.

हेड उघडल्यावर चौकशी बसली. अध्यक्ष अर्थातच कोपऱ्यातला बोल्ट. "गॅस्केटच हलकं निघालं," त्याने निकाल दिला. जळकं गॅस्केट भंगारात गेलं, नवं आलं.

पान्याने अदबीने विचारलं, "सुरुवात कुठून करू?"

नऊ बोल्टांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात सांगितलं, "अध्यक्षांपासून!"